भुताच्या दातांना मिसरी

डोंबिवली पूर्वेला एका बिल्डिंगचा पत्ता रिक्षावाल्याला सांगावा लागत नाही. "भुतांच्या गॅलरीपाशी" म्हटलं की झालं. चौथ्या मजल्यावर, कपड्यांच्या दोरीवर, टॉवेलशेजारी भुतं वाळत असतात.

ती भुतं संदेशची. परदेशी भयपटांतल्या मुखवट्यांच्या नकला तो घरी रंगवतो. कोरा रबरी मुखवटा येतो तेव्हा हळद लागलेल्या नवरदेवासारखा गुळगुळीत असतो. रंगवणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे तो जुना करायचा. सुरकुत्यांत पातळ काळा रंग भरायचा, वरचा फडक्यानं टिपायचा, टूथब्रशनं तपकिरी शिंतोडे उडवायचे. वीस वर्षं मातीत पुरलेला वाटला पाहिजे.

"लोक जुन्याचं नवं करतात, आमचा नव्याचं जुनं करतो," असं त्याची आई विमलाबाई नातेवाइकांना सांगायची आणि घाईनं चहा टाकायला उठायची.

घट बसायला चार दिवस होते, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी गुरुदत्तकाका दारात उभे राहिले.

"घट बसायच्या आत ही भुतं उतरली पाहिजेत. आणि पुन्हा दिसता कामा नयेत."

"देवी बसते तिथे राक्षस लागतोच ना काका? नाहीतर ती मारणार कोणाला?"

"एकतीस वर्षांचा घोडा झालास, अजून रंगपंचमी खेळतोस! रविवारी येऊन बघणार आहे मी."

संदेश हसला खरा, पण गॅलरी सोडून जाणार कुठे? एका खोलीच्या घरात वारं लागणारी जागा तेवढीच. गॅलरी गेली की काम गेलं.

रविवारी सकाळी तो रंग आणायला ठाण्याला गेला. परत आला तर दोरीवर धुतलेले पडदे, चादरी, आणि त्यांच्यामध्ये चिमट्याला लटकलेला त्याचा मुखवटा. नुकत्याच न्हाऊमाखू घातलेल्या बाळासारखा. पाच दिवसांची मळकट साय गायब. संध्याकाळी तो न्यायला गिऱ्हाईक येणार होतं.

"आई!"

"ओरडू नकोस. नवरात्राची साफसफाई काढलीये. किती मळला होता तो! म्हटलं, स्वच्छ दिसला तर गुरुदत्त भावजी तरी गप्प बसतील."

संदेश मटकन स्टुलावर बसला. मुखवटा हातात फिरवून बघितला. मग हळूच विचारलं, "किती वेळ घासलास?"

"दीड तास. काथ्या झिजला. निघतच नव्हता मेला मळ."

"दीड तास?" त्याला हसू फुटलं. "काय पक्कं काम केलेलं मी!"

विमलाबाईंच्या चेहऱ्यावर अपराध आणि अभिमान एकदमच आले. संदेशनं वर्तमानपत्र पसरलं, डब्या उघडल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आई बाजूला बसून बघत राहिली. दुपारपर्यंत तोंडावर प्रेतकळा आली, पण दात काही केल्या जमेनात. एखाद्या जाहिरातीतल्यासारखे पांढरेशुभ्र.

"असे दात भुताचे असतात होय?" ती म्हणाली. आत गेली, आपली मिसरीची डबी घेऊन आली आणि बोटानं चोळू लागली. "चाळीस वर्षं लावतेय. मुळाशी दाट, टोकाला फिकट. हं, आता बघ."

संदेश बघतच राहिला. आईचेच दात.

तेवढ्यात काका आले.

"वहिनी, काय ठरलं आपलं?"

विमलाबाई उठल्या. पदर खोचला, मुखवटा स्वतः दोरीवर चढवला, दोन चिमटे जास्तीचे लावले.

"हा घ्या, टांगलाय. नको असेल तर तुम्ही उतरवा, भावजी. तुमच्या हातानं."

काका पुढे झाले. हात अर्धा वर गेला. वाऱ्यानं मुखवटा गर्रकन वळला आणि मिसरीनं माखलेले दात दाखवत त्यांच्याकडे बघू लागला.

हात खाली आला.

"बघू... पुढच्या मीटिंगला," म्हणत काका जिन्याकडे वळले.

"या हं, घट बसल्यावर आरतीला!" विमलाबाईंनी मागून हाक दिली. "दोघं आहोत घरात. आणि तिसरे हे दोरीवरचे."