खुदेजानं निवडलेलं जनावर

मस्कतला डोंगरातल्या कोरड्या ओढ्याला वादी म्हणतात. अशाच एका ओढ्याकाठी, आमच्या वादी अदाईच्या इमारतीत खुदेजाइतकी स्वच्छतेची वेडी बाई दुसरी नाही. मूळची रत्नागिरीकडची, घरून डबे पुरवते. मासळी तीन-तीनदा धुते. एकदा ओट्यावर पाल दिसली म्हणून तिनं पातेलंभर कालवण मोरीत ओतलं होतं. अशा बाईच्या घरात साप आला. मला तर आठवायलाही नको वाटतं, पण सांगते.

नवरा यूनुस लांब दुक्म गावाला रिफायनरीत, महिन्यातून दोन दिवस घरी. तिथून फोनवर त्यानं मुलीला, उमामाला, कबूल केलं की दहावीत नव्वद टक्के मिळाले तर मागशील ते देईन. पोरीनं टक्के मिळवले आणि साप मागितला. बिनविषारी, पाळायचा. खुदेजा चिडली, रडली. पण बापाची जबान मोडायची नाही, हे त्या घरात ठरलेलं. जबान त्यानं द्यायची आणि निस्तरायचं हिनं, हेही ठरलेलंच.

मस्कतच्याच अल हैल भागात कृष्णकांत नावाचे एक गृहस्थ घरून साप विकतात असं कळलं. गाडी माझी, म्हणून मलाही जावं लागलं. हॉलभर प्लास्टिकचे डबे, आणि तो वास! ओल्या भुशाचा आणि आणखी कशाचा तरी. गृहस्थ एका हातानं बिस्कीट खात होते आणि दुसऱ्या हातानं त्यांनी पिल्लू काढून दाखवलं. उमामा म्हणाली हेच हवं, लहानपणापासून सांभाळलं की माया लागते. ते म्हणाले, सापाला माया-बिया लागत नाही, हाताची सवय होते, बस. पिल्लू कधीकधी खायचंच बंद करतं, नवख्यानं वर्षाचं, नीट खाणारं घ्यावं.

खुदेजा ओढणी नाकाला लावून दारातच उभी होती. तिच्या मनात एकच धास्ती. दोन वर्षांनी उमामा पुण्याला कॉलेजला जाणार, मग हे जनावर आपल्याच गळ्यात. तिनं विचारलं, सगळ्यात म्हातारा कुठला? कोपऱ्यातल्या डब्यात एक जाडजूड साप होता, बारा वर्षांचा. मस्कत सोडून गेलेल्या कुणा कुटुंबानं टाकलेला. खुदेजा म्हणाली, हाच द्या. उमामा रुसली.

परतताना खुदेजा खुशीत होती. इथली माणसं दोन-दोन वर्षांच्या व्हिसावर जगतात. बारा वर्षं म्हणजे तिच्या लेखी आयुष्यच संपत आलं. मांजर जगतं तेवढाच साप जगत असेल, असं ती धरून चालली होती. वय विचारलं, पण जगतो किती ते विचारायचं राहून गेलं. घरी आल्यावर उमामानं मोबाईलवर वाचून दाखवलं की हा साप तीस वर्षंसुद्धा जगतो. खुदेजानं बोटांवर मोजलं, अजून अठरा वर्षं.

पोरीची हौस काही महिन्यांत फिटली. मग गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवायचा, चिमट्यात धरून सापापुढे नाचवायचा, हे काम आईकडे आलं. उंदरांसाठी तिनं हॉलमध्ये वेगळा छोटा फ्रीज ठेवला. भरवून झालं की ती बाथरूममध्ये जाऊन ओकायची, आंघोळ करायची आणि मग डब्यांच्या स्वयंपाकाला लागायची. मी कितीदा म्हटलं, टाकून दे ना तो.

"एकदा टाकलेलाच हाय तो, ताई," ती म्हणायची.

दोन वर्षांनी, पुण्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी उमामाला निरोप द्यायला गेले. खुदेजा सापाला भरवत होती. तिनं मुलीला सांगितलं की किती जणांना विचारलं, पण सगळ्यांना पिल्लूच हवंय, हा म्हातारा कुणी घेत नाही.

उमामा बॅग भरत होती. तिनं मान वर केली नाही. "मम्मी, मागच्या वादीत सोडून ये ना. साप तर आहे."

सापाची कधी आली नव्हती एवढी शिसारी मला त्या गोड चेहऱ्याची आली.

खुदेजानं चिमटा खाली ठेवला. "मी म्हातारी झाले की मला कुठल्या वादीत सोडणार, तेवढं आताच सांगून जा."

उमामा हसली. मम्मी फार ड्रामा करते असं मला म्हणाली आणि तिनं बॅगेची चेन ओढली. खुदेजा मात्र उत्तराची वाट बघत तिथंच उभी होती.