एडिंबऱ्यातले तासाभराचे शेख

आम्ही एडिंबऱ्याला निघालो तेव्हा दुबईच्या खाडीवर निरोप द्यायला सतरा माणसं आली होती आणि त्यांतल्या एकालाही एडिंबरा कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. ही साठच्या दशकातली गोष्ट. अमिराती मिळून एक देश व्हायचा होता, बाजारात अजून रुपये चालत होते आणि खाडी ओलांडायला अब्रा (वल्ह्यांची होडी) घ्यावी लागे. माझे यजमान इस्माईल एका स्कॉटिश साहेबाच्या कचेरीत बारा वर्षं हेडक्लार्क होते. ते ड्रमंड साहेब निवृत्त होऊन दोन वर्षांपूर्वी मायदेशी गेले. जाताना यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इस्माईल, एडिंबऱ्याला आलास तर माझं घर ते तुझंच घर."

साहेब लोक असं वाक्य हवापाण्याविषयी बोलावं तसं बोलून जातात, हे मला पुढे कळलं. यांनी मात्र ते करारपत्रासारखं जपून ठेवलं होतं. आठवड्याभराच्या या दौऱ्यासाठी यांनी मुंबईहून कापड मागवून राखाडी सूट शिवून घेतला. मी पिशवीत आमसुलं, तिखट आणि सुके बोंबील भरले. बोंबील यांनी धक्क्यावरच बाहेर काढायला लावले. "साहेबांच्या देशात वास मारू नये गो, हमिदा," म्हणाले.

अब्रानं खाडी ओलांडून विमानानं बहारीन, मग लंडन, मग दिवसभर आगगाडी. सोमवारी संध्याकाळी एडिंबऱ्याच्या स्टेशनातून बाहेर पडलो तर समोर काळ्याकुट्ट दगडांचं सबंध शहर एकावर एक रचून ठेवलेलं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर कड्यावरचा किल्ला. या शहरात सपाट जागा फक्त रेल्वेच्या फलाटावर आहे. बाकी जिथे जायचं तिथे चढायचं. आणि परत येतानाही, का कोण जाणे, चढायचंच. दोन घरांमधून वर जाणाऱ्या अंधाऱ्या बोळांना इथे 'क्लोज' म्हणतात. अशा एका क्लोजच्या टोकाला आमचं बिऱ्हाड होतं. घरमालकीणबाई गोड होत्या. "आमच्या उन्हाचा त्रास होत नाही ना?" त्यांनी काळजीनं विचारलं. मी तेव्हा दोन स्वेटर, एक कोट आणि यांचा मफलर घालून उभी होते.

सकाळी न्याहारीला 'किपर' नावाचा मासा आला. झाकण उचललं आणि मी यांच्याकडे पाहिलं. धुरावलेला, खारवलेला, आमच्या राजापूरच्या सुक्या बांगड्याचा थेट मावसभाऊ! साऱ्या घरात त्याचा घमघमाट सुटला होता.

"वास येतोय," मी म्हटलं.

"हा वेगळा वास आहे," हे म्हणाले आणि निमूटपणे दोन मासे खाल्ले.

त्या दुपारी आम्ही किल्ला पाहायला चढत होतो, इतक्यात माथ्यावर तोफ धडाडली. यांनी मला धरून भिंतीशी दाबलं. शेजारून चाललेल्या पोलिसानं टोपीला हात लावला. "काही नाही, साहेब. एक वाजला." तिथे रोज दुपारी एक वाजता तोफ उडवतात. बारा वाजता का उडवत नाहीत, असं यांनी विचारलं. पोलीस म्हणाला, "बारा वाजता बारा वेळा उडवावी लागेल." तो थट्टा करत होता की नाही, याचा विचार हे दोन दिवस करत होते.

बुधवारी तीन वाजता साहेबांनी चहाला बोलावलं होतं. किल्ल्याजवळच्या त्या पत्त्यावर पोहोचलो. चार मजल्यांची इमारत, दाराशी एक म्हातारा कोळशाची बादली भरत होता. यांनी त्याला अदबीनं विचारलं, "ड्रमंड साहेबांचा बंगला हाच का?" म्हाताऱ्यानं मान वर केली. साहेबच होते.

दुबईत हा माणूस स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला भरून घेत नसे. घरात चार नोकर, दाराशी दोन. इथे ते अगदी वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहत होते. मडम वारल्या होत्या. यांचा चेहरा पाहवेना. यांनी साहेबांच्या हातातून बादली जवळजवळ हिसकावली आणि नव्या सुटात ऐंशी पायऱ्या चढले. साहेब "नको, नको" म्हणाले, पण बादली परत मागितली नाही.

चहा झाला, दोन बिस्किटं झाली. मग साहेबांनी घसा खाकरला. शुक्रवारी चर्चच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं, 'अरबांच्या दरबारात'. पडद्यावर चित्रंही दाखवणार होते. साहेब आमच्याकडे न पाहता म्हणाले, "इस्माईल, तू माझ्या शेजारी बसलास तर बरं दिसेल. माझ्याकडे तिकडची कंदुरा (अरबांचा लांब झगा) आहे. तेवढी घालशील?"

"मी कोण म्हणून बसू, साहेब?"

"माझा मित्र म्हणून. दरबारातला."

हे "यस सर" म्हणाले. बारा वर्षांची सवय. रस्त्यात मी विचारलं, "तुम्ही दरबार आतून पाहिलाय का कधी?"

"साहेबांनी तरी कुठे पाहिलाय?" हे म्हणाले. "कागदांवर शेखांची सही घ्यायला बाहेरच्या ओट्यावर आम्ही दोघं एकत्रच बसायचो."

"मग नाही म्हणा."

"कसं म्हणू? इथे एवढंच त्यांचं उरलंय, हमिदा."

शुक्रवारी चार वाजता सभागृहात साठेक माणसं जमली. बहुतेक बाया, प्रत्येकीच्या मांडीवर ओली छत्री. साहेब सहा फूट आणि हे सव्वापाच, त्यामुळे कंदुरा जमिनीवर लोळत होती. मी आत अकरा टाचण्या लावल्या. "खाली वाकू नका, टाचणी टोचेल," मी पहिल्या रांगेतून हळूच बजावलं. माझ्या शेजारच्या गोऱ्या म्हातारीनं चटकन माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बोलू नये असा नियम असेल.

साहेब सुंदर बोलले. वाळवंट, उंट, ससाणे, आणि शेख त्यांचा सल्ला घेतल्याशिवाय कसे पाऊल टाकत नसत, वगैरे. मी दुबईत दहा वर्षं राहिले होते, पण ही दुबई मी पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी चर्चचे पाद्री उठून म्हणाले, "आता आपल्या थोर पाहुण्यांनी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलावेत. मिस्टर ड्रमंड भाषांतर करतील."

यांची अरबी बाजारातली. कितीला, कधी, यल्ला (चला), खलास. एवढ्यावर भाषण होत नाही. हे उभे राहिले. मग साहेबांकडे तोंड करून सरळ मराठीत बोलू लागले.

"साहेब, मी बारा वर्षं तुमच्या हाताखाली काढली. तुम्ही म्हणालात, माझं घर ते तुझंच घर. म्हणून आलो. सूट शिवून आलो. कोळसा वर नेला त्याचं मला काही नाही, बापाचा नेला असता तसा तुमचा नेला. पण इस्माईल म्हणून मी तुमच्या शेजारी बसण्याच्या लायकीचा नसेन, तर तसं सांगायचंत. मला शरम वाटते साहेब, माझी नाही, तुमची. मी राजापूरच्या खलाशाचा मुलगा. हा झगा माझा नाही. खलास."

साहेबांनी पडद्यावरची चित्रं दाखवायची काठी खाली ठेवली. ते सावकाश म्हणाले, "पाहुणे म्हणतात, वाळवंटाचा वारा आणि स्कॉटलंडचा वारा हे सख्खे भाऊ आहेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मान खाली घातली, डोळे पुसायला. तेवढ्यात शेजारच्या म्हातारीनं माझ्या हातावर हात ठेवला आणि पुस्तकी, जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाली, "आपल्या यजमानांचे भाषण फार उत्तम झाले. भाषांतर मात्र ठीक नव्हते."

मिस रीड त्यांचं नाव. दापोलीकडे मुलींच्या शाळेत वीस वर्षं शिकवलं होतं त्यांनी. मी घाबरून विचारलं, "तुम्ही हे सगळ्यांना सांगणार?"

"मी निवृत्त आहे, बाई," त्या म्हणाल्या. "आता कोणाच्या चुका तपासत नाही." मग व्यासपीठाशी जाऊन त्यांनी साहेबांशी हात मिळवला आणि मोठ्यानं, मराठीत म्हणाल्या, "नमस्कार. मला सर्व समजले." साहेबांचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला.

शनिवारी सकाळी पावसात साहेब आमच्या बिऱ्हाडी आले. चढामुळे धापा टाकत होते, टोपी हातात.

"इस्माईल, मला तुमची मराठी बरीच कळते. तू विसरला असशील."

"नाही साहेब," हे म्हणाले, "विसरलो नव्हतो."

साहेबांनी टोपीवरचं पाणी झटकलं. मग साहेब म्हणाले, "आज माझ्याकडे जेवायला या. मला स्वयंपाक येत नाही. पण या."

त्या चिमुकल्या स्वयंपाकघरात मी किपरचं आमसुलं घालून लालभडक कालवण केलं. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिखटाच्या नावावर ते खपून गेलं. मध्येच चूल विझायला आली. हे उठले, तर साहेबांनी यांना खांदा दाबून खाली बसवलं. "पाहुण्यानं कोळसा आणायचा नसतो," म्हणाले, आणि बादली घेऊन ऐंशी पायऱ्या उतरले. आम्ही दोघं त्यांच्या पावलांचा आवाज मोजत बसलो. वर यायला त्यांना फार वेळ लागला. यांनी दोनदा उठून पाहिलं, पण दाराबाहेर पाऊल टाकलं नाही.

सोमवारी दुबईला उतरलो. धक्क्यावर पुन्हा सगळे जमले. साहेबांचं घर कसं होतं, असं प्रत्येकानं विचारलं. "थेट किल्ल्याजवळ, आणि सगळ्यांत उंच," हे म्हणाले. एकही शब्द खोटा नव्हता. माणसं खूष झाली.

घरी राजापूरहून धाकट्या बहिणीचं पत्र येऊन पडलं होतं. 'आम्ही दोघं हिवाळ्यात तुमच्या बंगल्यावर यायचं म्हणतो. भावोजी मॅनेजर आहेत, त्यांना अडचण होणार नाही ना? पाहुण्यांची खोली समुद्राच्या बाजूची आहे का?'

तो बंगला मीच बांधला होता, दहा वर्षांत, एकेका पत्रानं एकेक खोली वाढवत. खरी खोली एकच होती, खजुराच्या झावळ्यांची, आणि पिण्याचं पाणी गाढवावरच्या डब्यांतून यायचं. साहेबांवर मी आठवडाभर मनातल्या मनात हसले होते. हातात पत्र घेऊन बसले तेव्हा हसू येईना.

हे म्हणाले, "लिही, जागा नाही म्हणून. काहीतरी कारण सांग."

मी दौत ओढली आणि लिहिलं, 'बंगला नाही. खोली एकच आहे. भावोजी तुझे हेडक्लार्क आहेत. तुम्ही दोघं जरूर या. येताना अंथरूण घेऊन या.'