शून्य मीटरवरची वस्ती

माझी आत्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशांच्या टेबलावर बसायची. वस्त्या, टाक्या, नळ कुठे आहेत ते संगणकात भरायचं, हे तिचं काम. घरी तिला स्वतःचा चष्मा सापडायचा नाही, पण गावातला कुठलाही व्हॉल्व्ह डोळे मिटून सांगायची. हट्टीपणात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कचेरीत तिला सगळे रकानेबाई म्हणत. अर्थात, पाठीमागे.

त्या वर्षी कोणत्या वस्त्यांना पंप द्यायचे ते नवा प्रोग्राम ठरवणार होता. यादी शुक्रवारी संध्याकाळी बंद. गुरुवारी आत्याने ती चाळली, तर टेकडीवरची वस्ती गायब! तिथल्या बायका रोज अडीचशे पायऱ्या उतरून पाणी नेतात, हे तिने स्वतः पाहिलेलं. शोधलं तर वस्तीच्या उंचीपुढे शून्य, म्हणजे थेट समुद्राची पातळी. टाकी तीनशे दहा मीटरवर, मग पाणी आपसूक खाली वाहील, पंप हवाच कशाला, असं प्रोग्रामचं म्हणणं.

खरं तर मोजणीदार अर्ध्या चढावर दमला होता आणि वस्तीची जागा नकाशावरून टिपून परतला होता. उंची त्याने मोजलीच नव्हती. प्रोग्राम रिकामा रकाना घेईना, म्हणून त्याने शून्य ठोकून दिलं.

आत्या तडक साहेबांकडे गेली.

"अहो बाई, एका शून्यासाठी एवढं काय?"

"शून्य ही उंची झाली, साहेब. आपल्याला उंची ठाऊकच नाही."

"मग अंदाजे टाका काहीतरी."

"अंदाजे मी भाजीत मीठ टाकते. इथे नाही."

साहेबांनी कपाळावर हात मारला. आत्याने प्रोग्राम लिहिणाऱ्याला फोन लावला. तो बिचारा खरं बोलला. जागेची माहिती लिहिण्याच्या ठरलेल्या नियमात उंची सक्तीची नाही, माहीत नसेल तर ती लिहायचीच नसते. सगळे रकाने भरलेले बरे दिसतात, म्हणून त्यानेच सक्ती केली होती. अर्ध्या तासात त्याने ती काढली. आत्याने शून्य पुसलं. पडद्यावर आलं, 'उंची अज्ञात. निर्णय देता येत नाही.'

"आता हो?" साहेब वैतागले.

"आता मोजायला जायचं. तुम्हीपण चला, सही तुमची लागेल."

शुक्रवारी सकाळी दोघं पायऱ्या चढली. साहेबांना धाप लागली. आत्या उंची मोजायचं यंत्र काखेत मारून पुढे, आणि तोंडाचा पट्टा चालूच. वर शिवणकाम करणारी एक बाई दारातच मशीन घेऊन बसली होती. तिने विचारलं, "येणार का पाणी?"

साहेब 'येणार' म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात आत्या म्हणाली, "माहीत नाही. आधी मोजू दे."

उंची भरली तीनशे बावन्न मीटर. साहेबांनी घाम पुसत तिथेच, शिलाई मशीनवर कागद ठेवून सही केली. वस्ती यादीत आली.

चार महिन्यांनी पंप बसला. नळ सोडायच्या दिवशी आत्या मलाही घेऊन गेली. त्या शिवणवाल्या बाईने आत्याचा हात धरून नळाखाली नेला आणि म्हणाली, "आजवर जो आला तो 'येणार, येणार' म्हणून गेला. माहीत नाही म्हणालीस ती तू एकटी. तेव्हाच मी घरात सांगितलं, या खेपेला पाणी येतंय."