आत्याचं कपाळ बंद पडलं तेव्हा

गेल्या मार्गशीर्षात, स्वतःच्याच पोराच्या हळदीला आठवडा उरला असताना, गोंदियाच्या एका ब्युटी पार्लरात माझ्या आत्यावर अन्याय झाला. सुंदर करण्याच्या नावाखाली एका बाईची वाचाच बंद केली. कारण आत्या तोंडानं फारशी बोलतच नाही. तिच्याइतकं बोलकं कपाळ अख्ख्या जिल्ह्यात सापडायचं नाही. भाजीत मीठ जास्त झालं की एक आठी, पाहुणा उठायचं नाव घेत नसला की दोन. ग्रामसभेत एकदा तिनं नुसती डावी भुवई चढवली, तर सरपंच "पुढल्या वर्षी नक्की" म्हणता म्हणता खालीच बसले. आणि नागझिऱ्यात ती गाईड, तिथे तर कपाळावरच नोकरी. जंगलात आवाज करायचा नाही, म्हणून ड्रायव्हरशेजारी बसून ती भुवयांनी जिप्सी चालवते: एक उचलली की त्या बाजूला बघ, दोन्ही उचलल्या की थांब. तो बिचारा रस्त्यापेक्षा तिच्याकडेच जास्त बघतो.

सुरकुत्या घालवणारी बोटॉक्सची सुई दाखवत पार्लरवाली म्हणाली, "दीदी, दो सुई, और दस साल कम." टोचणारी कोण, शिकली कुठे, पुढे काय होतं, हे आत्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. लग्नात आत्याचं कपाळ घासलेल्या ताटासारखं गुळगुळीत, उजवी पापणी अर्धी उतरलेली. ती हसत होती, पण हसू गालांवरच अडकलेलं. विहीणबाई घाबरून विचारू लागल्या, "काऊन वो, आमची पोरगी पसंत नाही का तुमाले?"

लग्न आटोपून ती कामावर गेली, तर वळणावर अस्वल. आत्यानं जीव खाऊन भुवया उचलल्या. एकही हलली नाही. ड्रायव्हर तिच्या कोऱ्या तोंडाकडे बघत निवांत पुढे. शेवटी ती किंचाळली, "अबे, अस्वल! मांगं घे!" अस्वल दोन पायांवर उभं, पर्यटक सीटखाली. वाचले सगळे, पण गेटवर ड्रायव्हर म्हणाला, "ताई, तुमचा चेहरा बंद पडून राहिला जी. मी दुसऱ्या गाईडसोबत जातो." इतक्या वर्षांची जोडी तुटली. आत्या फाटक उघडायला बसली. गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, औषध आपोआप उतरेल, वाट पाहा. आत्या आरशासमोर बसून भुवयांना शिव्या देऊ लागली.

मोहफुलांच्या दिवसांत मी तिला या सुईविरुद्ध बायकांसाठी लिहिलेलं माझं नवं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवत होते. "समस्त भगिनींनो" म्हटल्याबरोबर तिची डावी भुवई टुणकन वर! अपमान मला इतका गोड कधीच लागला नव्हता. मी धावत जाऊन ड्रायव्हरला बोलावलं. तो अंगणात उभा राहून म्हणाला, "दाखवा." आत्यानं दोन्ही दाखवल्या. त्यानं सुटकेचा निःश्वास सोडला, "उद्या या मंग गाडीवर."

दोन भुवयांमधली आठी तेवढी अजून आलेली नाही. मी लहानपणापासून आत्याकडेच वाढले. घरी उशिरा आले की ती आठी उमटायची, फक्त माझ्यासाठी. "येईल," असं आत्या म्हणते, तेही तोंडानं. म्हणून हल्ली मी मुद्दाम उशिरा घरी जाते.

तुम्ही सुईची वेळ घेतली असेल, तर पहिला फोन तिथे लावा. रद्द करा. आत्ताच.