उघडं दार आणि एलिस मिस्त्री

एलिस कांतोला भित्रा होता, हे आमच्या बेटावरच्या कोंबड्यांनाही माहीत होतं. होडीत तो मधोमध अंग चोरून बसायचा. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीत लाकूड दुसऱ्याकडून टाकून घ्यायचा. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचा. आणि हा माणूस लाकूडतोडीच्या कॅम्पवर ओंडके वाहणाऱ्या ट्रकचे ब्रेक दुरुस्त करायचा. मला विचाराल तर दुसऱ्या कुणी केलेल्या ब्रेकवर मी गाडी उतरवलीच नसती. ज्याला भीती वाटत नाही, तो रिव्हेट दोनदा तपासत नाही.

कॅम्पचा रिवाज असा, की ज्यानं ब्रेक उघडले त्यानं पहिल्या भरलेल्या खेपेला ड्रायव्हरशेजारी बसून डोंगर उतरायचा. बाकीचे मिस्त्री शीळ घालत बसत. एलिस मात्र आपल्या बाजूचं, उजवीकडचं दार उघडं ठेवून दोरीनं बांधून टाकायचा. एक पाय बाहेर पायरीवर, एक हात दोरीवर. अर्ध्या वाटेत शेवाळाचं वळण यायचं. तिथे उजवीकडचा डोंगर जरा मागे सरकलेला आणि जमीन गादीसारखी मऊ. उडी मारायचीच तर तिथे, पुढे नुसता खडक. ते वळण मागे पडलं की आता उडीचा उपयोग नाही म्हणून तो दार लावायचा, थर्मासमधली कॉफी ओतायचा आणि वेलदोडा घातलेला पाव काढायचा. आम्ही ड्रायव्हर त्याची टर उडवायचो. पण उतारावर आमची नजर सारखी त्या दोरीवरच्या हाताकडे जायची, हेही खरं.

त्या शरदात माझा ट्रक त्याच्याकडे गेला. ट्रक माझ्याहून म्हातारा. एलिसनं मागची चाकं उतरवली, ब्रेकच्या शूंवर नवे लायनर बसवले आणि मग हे शू ज्यांना आतून दाबतात ते लोखंडी ड्रम हातोडीनं एकेक करून वाजवले.

"ऑन्नी, हा ऐक. बद्द वाजतोय. पातळ झालाय, आतून तडकला असणार."

मुकादम मर्डो तिथेच उभा होता. "ट्रक आहे की चर्चची घंटा? या गाडीचे ड्रम आता कुठे बनतात? आणि धक्क्यावर जहाज लागलंय."

"मग अर्धाच भार भर," एलिस म्हणाला.

"तुझं ऐकलं असतं तर या डोंगरावरचं एकही झाड पडलं नसतं," मर्डो म्हणाला, आणि देवदाराचे ओंडके पुरते भरायला लावले.

मी एलिसला बाजूला घेतलं. "मी गाडी न्यायला नाहीच म्हणतो ना. जाऊ दे माझी नोकरी."

"तू नाही म्हणालास तर मर्डो स्वतः चालवायला बसेल. मग मला त्याच्या शेजारी बसावं लागेल."

त्यानं दोरी बांधली. आम्ही निघालो.

पहिला उतार बरा गेला. दुसऱ्याला जळका वास आला. ब्रेक गार ठेवायला टाकीतून सोडलेलं पाणी ड्रमवर पडून वाफ होत होती, आरशात मागचं काही दिसेना. तेवढ्यात मागे धाड्‌कन आवाज झाला आणि गाडीला हिसका बसला. ड्रम फुटला होता. पॅडल मी तळापर्यंत दाबलं, पण गाडी ऐकेना. ओंडक्यांचा सगळा भार पाठीवर आल्यासारखा आम्हाला पुढे ढकलत होता.

समोर शेवाळाचं वळण दिसलं. मी रस्त्याकडे बघायचं सोडून एलिसच्या दोरीवरच्या हाताकडेच बघत होतो. हातानं दोरी सोडवली. गेला हा, मी मनात म्हटलं, आणि माझा डावा हात आपोआप माझ्या दाराच्या कडीवर गेला.

एलिसनं पाय आत घेतला आणि दार लावून घेतलं. वळण मागे पडलं.

"डोंगर माझ्या बाजूला आहे," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "गाडी घास त्याला. हळूहळू घे. स्टिअरिंग सोडू नकोस."

मी गाडी खडकाला लावली. त्याचं दार आत चेपत आलं, काच त्याच्या मांडीवर सांडली. तो माझ्याकडे सरकत सरकत शेवटी मला चिकटला. किती वेळ ते घासणं चाललं कोण जाणे. गाडी थांबली तरी मी पॅडल तळापर्यंत दाबूनच धरलं होतं.

"उडी का नाही मारलीस?" मी विचारलं.

"तू माझ्या हाताकडे बघत होतास. मी गेलो असतो तर तूही दार उघडलं असतंस." त्यानं माझ्या खिडकीकडे मान केली. "तुझ्या बाजूला दरी आहे रे."

मी खाली बघितलं आणि लगेच नजर वळवली.

"मला फार भीती वाटली, ऑन्नी," तो म्हणाला.

"मलाही."

त्याचं दार आता उघडणं शक्यच नव्हतं. त्याला माझ्याच बाजूनं, दरीच्या काठावर उतरावं लागलं. माझा कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून, डोळे घट्ट मिटून तो उतरला.