धनुष्याला खिडकीची जागा

पडदेकाकूंच्या धनुष्याला 'जावईबापू' हे नाव काकांनी ठेवलं. काका घड्याळं दुरुस्त करायचे. बोलणं कमी, पण बोलले की बरोबर ठोक्यावर. "ऊन चालत नाही, ओल चालत नाही, कोपऱ्यात उभं केलं की रुसवा, आणि कपाटातला मऊ कप्पा तेवढा ह्याचा," एकदा ते म्हणाले. "आपल्याला मुलगी नाही तेच बरं. असले दोन सांभाळायचे म्हणजे घर विकावं लागलं असतं."

काकूंनी हसून सोडून दिलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. धनुष्य जुन्या पद्धतीचं होतं. मधे लाकूड, पोटाला शिंग, पाठीला जनावरांच्या शिरांचे तंतू, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवलेलं माशाच्या सरसानं. उन्हात तापलं की सरस ढिला पडणार, दमट हवेत मऊ होणार. नाजूकपणात खरा जावईसुद्धा मागे पडावा.

काकू पडदे शिवायच्या. तिरंदाजीच्या मैदानावर चुकलेले बाण अडवायला लक्ष्यामागे जाड पडदा लागतो. तो शिवायला म्हणून त्या गेल्या आणि माप घेता घेता तिथेच रमल्या. पन्नाशी उलटलेल्या बाईनं हे काय आरंभलं म्हणून शेजारणींनी आधी भुवया उंचावल्या, मग एकेक करून त्याही पाहून गेल्या. मैदानावर धनुष्यं बनवणारे एक म्हातारे मास्तर असायचे. कापड ताणून धरणारा हात आहे, वाया जाणार नाही, असं म्हणत त्यांनी काकूंच्या हाती हे धनुष्य दिलं. ते त्यांचं शेवटचं. त्यानंतर त्यांचे हात थरथरायला लागले आणि ते मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेले.

आता त्याच शहरात जुन्या धनुष्यांची स्पर्धा होती. मास्तरांचा फोन आला. "नेम लागो न लागो, मला एकदा त्याची दोरी ऐकव," एवढंच ते म्हणाले. त्या दिवसापासून काकूंना बक्षिसाची नाही, एकाच गोष्टीची चिंता होती. धनुष्य धड पोचवायचं.

दोरी उतरवली की असलं धनुष्य उलट्या बाजूला वळून बसतं, झोपलेल्या मांजरासारखं. त्या आकाराची पिशवी काकूंनी शिवली. आत मऊ सुती कापड, मधे रजईचा कापूस, बाहेर ऊन परतवणारं पडद्याचं अस्तर. बाजूच्या कप्प्यात दोरी. दिसायला सगळं गाडीच्या चाकाला दुलई पांघरल्यासारखं.

बसचा मदतनीस अडून बसला. सामान म्हटलं की ते खाली, आणि खालचा कप्पा म्हणजे इंजिनाच्या शेजारची भट्टी. काकूंनी परोपरीनं समजावलं, पण त्याचं एकच पालुपद, की जागा माणसांसाठी असते. शेवटी त्यानं विचारलं, आत आहे तरी काय?

"आमचे जावई," काका म्हणाले. "माझी खिडकीची जागा त्यांना देतो. माझं मी मागे बघतो."

मदतनीसाला हसू आवरेना, तिथेच भांडण मिटलं. काका सगळ्यात मागच्या बाकावर गेले. तिथे रस्त्यातला प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्यातून जातो. काकूंनी पर्समधून आकडे लावलेला छोटा पडदा काढून खिडकीला अडकवला. बस वळून ऊन समोरून आलं, तेव्हा पदराची सावली धरली. मागून अधूनमधून काकांचं 'आई गं' ऐकू येत होतं.

उतरले ते नणंदेकडे. नणंदेच्या यजमानांना सगळं घर दाजी म्हणायचं. नळ, पाईप, मोटारी बसवायचा त्यांचा धंदा, आणि स्वभाव असा की वाकडं काही दिसलं की हात शिवशिवलेच म्हणून समजा. पाहुण्यांच्या घरातल्या तसबिरीही ते सरळ करून यायचे. काकूंनी धनुष्याला हवा लागावी म्हणून पिशवी उघडून ते पलंगावर ठेवलं, कोणी हात लावू नका म्हणून बजावलं आणि अंघोळीला गेल्या. दाजी तेव्हा बाजारात गेले होते. बजावणं त्यांच्या कानावर पडलंच नाही, आणि नणंदबाईंनी ते मनावर घेतलं नाही.

काकू बाहेर आल्या तर दाजी आरशासमोर उभे. हातात धनुष्य, आणि त्याला दोरी चढवलेली. पण धनुष्य ज्या बाजूला वळलं होतं त्याच बाजूनं, गाठ मारून आखूड करून. नणंदबाई फोन घेऊन फोटो काढायच्या तयारीत.

"वहिनी, प्रवासात बिचारं पार वाकडं झालं होतं," दाजी खुशीत म्हणाले. "ताण दिला की येईल वळणावर." आणि त्यांनी दोरी चिमटीत धरली.

असल्या धनुष्याला दोरी त्याच्या वळणाच्या उलट वाकवून चढवायची असते. शिंग दाबलं तर कितीही सोसतं, ताणलं तर काडकन तुटतं. दाजींनी ते नेमकं ताणाच्या बाजूला घेतलं होतं. किंकाळी काकूंच्या ओठांपर्यंत आली, पण त्यांनी ती गिळली. दचकलेला माणूस हात आधी मागेच ओढतो.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आत आलेले काका वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "दाजी, मोरीतला नळ गळतोय तुमचा."

"गळतोय? परवाच बसवलाय मी," म्हणत दाजींनी धनुष्य पलंगावर ठेवलं, तेही अलगद, खोटं कशाला बोला, आणि पाना घेऊन मोरीत शिरले. नळ मुळीच गळत नव्हता. दाजींनी तो इतका आवळला की मग गळायला लागला.

काकूंनी गाठ सोडली. शिंगावरून अंगठा फिरवला, कान लावला. वरून काही दिसेना. पण आतला सरस कुठे सुटलाय का, हे दोरी चढेपर्यंत कळणार नव्हतं. नवा पडदा आधी टांगून ठेवायचा, त्याला त्याच्या वजनानं उतरू द्यायचं आणि मगच खालची दुमड घालायची, हा काकूंचा शिरस्ता. तसंच धनुष्यही त्यांनी पिशवीत विसावू दिलं. दाजींना त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. त्यांच्या वाटचं नणंदबाईंनीच बोलून घेतलं. जेवताना दाजी भाजीकडे बघत पुटपुटले, "मी आपला सरळ करायला गेलो."

"तेच तर करायचं नसतं, दाजी," काकू म्हणाल्या आणि त्यांना आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मास्तर झाडाखाली खुर्चीत बसले होते, हात मांडीखाली दाबून. दोरी चढवायला दोघं लागतात. एकानं गुडघ्यांवर धनुष्य उलटं वाकवायचं, दुसऱ्यानं दोरीचा फास खाचेत सरकवायचा. काकूंची नेहमीची जोडीदारीण आली नव्हती.

"अहो, या इकडे," काकू म्हणाल्या.

काकांनी धनुष्याला आजवर बोट लावलं नव्हतं. पण घड्याळाचे काटे बसवणारी ती बोटं. त्यांनी फास धरला. काकूंनी श्वास रोखून दाब दिला. धनुष्य हळूहळू आपलं वळण सोडायला लागलं, आणि टक्कन आवाज आला.

काका पांढरेफटक पडले. मागे उभ्या असलेल्या दाजींनी डोळेच मिटून घेतले.

"माझा गुडघा आहे," काकू म्हणाल्या. "सरकवा."

फास खाचेत बसला. काकूंनी बाण लावला, दोरी गालापर्यंत ओढली आणि सोडली. दोरी घुमली. बाण लक्ष्याच्या अगदी कडेला कसाबसा बसला, पण मास्तर तिकडे बघतच नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते.

"परत," ते म्हणाले. आणि त्यानंतर पुन्हा, "परत."

काकूंचे हात भरून आले तेव्हा कुठे मास्तरांचं समाधान झालं. मग त्यांनी काकांकडे हनुवटी वळवून विचारलं, "हे कोण?"

"मी जावयाचा सासरा," काका म्हणाले. त्यावर मास्तरांना सगळी हकीकत सांगावी लागली, खिडकीच्या जागेपासून नळापर्यंत. मास्तर हसता हसता खुर्चीवरून घसरायचे तेवढे राहिले. दाजी लाल झाले, पण हसले.

परत निघताना दाजी बसपाशी धावतपळत आले. काखेत जाडजूड प्लॅस्टिकचा पाईप, दोन्ही टोकांना फिरकीची झाकणं, आत फोम चिकटवलेला, धरायला पट्टा. वरून ट्रक गेला तरी धनुष्याला काही होणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

पाईप काठीसारखा सरळ होता.

काकूंनी एकदा पाईपाकडे पाहिलं, एकदा कडेवरच्या त्या गोल पिशवीकडे. मग झाकण उघडून सगळे बाण त्यात घातले. "अगदी मापाचं झालंय, दाजी," त्या म्हणाल्या.

काका पाईप घेऊन न सांगताच मागच्या बाकाकडे निघाले होते.