उजवं मनगट, ऑपरेशन नाही

मी जालन्यात घरी बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं तयार करते. पेशंटला काय झालं आणि आपण काय केलं हे तिकडचा डॉक्टर लिहितो. ते वाचून मी कोड लावते, आणि त्या कोडावर विमा कंपनी पैसे देते. माहेरी, तीर्थपुरीजवळच्या गावात, हे समजावून सांगायचा नाद मी कधीच सोडला. चुलते सगळ्यांना सांगतात, आमची पोरगी कॉम्प्युटरवरची डॉक्टर आहे. असू दे.

माझ्याकडे हाडांचं काम येतं, आणि त्यात मोडलेली मनगटं फार. पडताना माणूस हात पुढे टाकतो. तिकडे बर्फावर, इकडे चिखलात, पण टाकतो हातच. ऑपरेशन नसलं की माझ्यापुढे पहिला प्रश्न ठरलेला: डॉक्टरने हाड ओढून जागेवर बसवलं, की ते सरकलंच नव्हतं म्हणून नुसतं प्लास्टर घातलं? दोन्हींचे कोड वेगळे. त्याने ओढलं असेल पण लिहिलं नसेल, तर आमच्या लेखी ओढलंच नाही. हातातला चहा निवायच्या आत मी असली दोन-तीन मनगटं उरकत असे.

मग आई पडली.

आईचा हात आमच्या भागात नावाजलेला आहे. कापसाच्या बियाण्याच्या प्लॉटवर ती क्रॉसिंग करते. उद्या उमलणारी कळी आज दुपारी धरायची, अंगठ्याचं नख लावायचं आणि मनगट असं वळवायचं, की पाकळ्यांबरोबर आतल्या परागाचा झुबका एकदम निघून यावा आणि मधला नाजूक दांडा तेवढा उभा राहावा. त्यावर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून त्या दांड्याला दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग लावला, की संकरित बी धरतं. दांडा मोडला तर कळी वाया. आईची कळी वाया जात नाही. तिच्याकडून शिकलेल्या बाया आता स्वतःच्या टोळ्या घेऊन प्लॉटवर जातात.

ऐन हंगामात ठिबकच्या नळीत पाय अडकून ती उजव्या हातावर आदळली. वडील तिला जालन्याला घेऊन आले तेव्हा मनगट वाकड्या चमच्यासारखं दिसत होतं आणि बांगड्या सुजेत रुतल्या होत्या. त्या वडिलांनीच, खाली रुमाल धरून, एकेक करून वाढवल्या. तो रुमाल त्यांनी तसाच गुंडाळून खिशात घातला.

डॉक्टरांनी मोडलेल्या जागी सुई दिली आणि हात बधिर होईपर्यंत थांबले. मदतनिसाने आईचा दंड घट्ट धरला. डॉक्टरांनी तिचा अंगठा आणि बोटं हातात घेतली आणि ओढायला लागले. मला वाटलं होतं हिसका देतील. पण ते विहिरीतून भरली घागर वर घ्यावी तसे सावकाश, एका लयीत ओढत राहिले, डोळे भिंतीकडे, जणू बोटांनीच आत बघत होते. मग त्यांनी अंगठ्याने हाड किंचित दाबलं. काहीतरी आत सरकलं आणि माझ्या आईचं मनगट माझ्यासमोर सरळ झालं. इतकी वर्षं मी ज्याला एक कोड लावत आले, ते हे होतं. 

आईने एकच विचारलं, की हात परत वळेल का. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण या वयात मनगट आखडतं, सांगता येत नाही. तोवर बोटं मात्र हलवत राहा, तोच व्यायाम.  हात वळला नाही तर प्लॉट संपला, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आठवडाभराने वडिलांचा फोन आला, की ही ऐकत नाही. बांधावरच्या कापसाच्या कळ्या मांडीवर घेऊन बसते आणि प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी दिवसभर सोलते. मी हादरले. प्लास्टरमध्ये हाड परत सरकलं आणि पुन्हा ओढावं लागलं, असल्या फाइली मी कमी वाचलेल्या नाहीत. आईला फोन द्यायला लावून तिला चांगलं खडसावलं.

ती म्हणाली, "मनगट तर दगडात हाय. बोटं त्यांचं काम करून राह्यलीत, तुला काय तरास हाय?"

डॉक्टरांनी सांगितलेलं व्यायाम हे नाव तिला पटलंच नव्हतं. रिकामी बोटं हलवायची तिला लाज वाटत होती, म्हणून तिने त्यांना काम दिलं होतं. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले आणि चालू द्या म्हणाले.

त्या दिवसांत माझं काम रेंगाळलं. नंतरच्या तपासणीच्या कोडाला शेवटी एक अक्षर लागतं, त्याचा अर्थ हाड रीतसर जुळतं आहे. ते अक्षर मी सवयीने दाबत आले होते. आता थांबायला लागले. ओढण्याचा कोड आहे, प्लास्टरचा आहे, एक्स-रेचा आहे. आणि जुळण्याचं जे खरं काम, ते हाड आतल्या आत, अंधारात, एकटं करतं. त्याचं बिल कुणी कुणाला लावत नाही. एवढी मोठी गोष्ट मी रोज एका बटणावर उरकत होते.

प्लास्टर निघालं तेव्हा हात काटकुळा झाला होता, कातडी सुटत होती. बोटं लवलवत होती, पण मनगट जागचं हलेना. आई त्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तशी बघत बसली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. मग रोज गरम पाणी, रोज थोडं वळवणं.

प्लॉट उठायला आला तेव्हा ती म्हणाली, चल. उरल्यासुरल्या कळ्या होत्या. एक धरून तिने नख लावलं आणि थांबली. ओठ आवळले. मग मनगट वळलं. सावकाश, थरथरत, पण वळलं. पाकळ्यांची पांढुरकी वाटी अख्खी तिच्या हातात आली आणि मधला दांडा शाबूत उभा राहिला. ती फुलाकडे नाही, मनगटाकडे बघत होती.

"हाताला याद हाय गं," ती म्हणाली.

लाल टोप्यांची पिशवी माझ्या हातात तशीच राहिली. वडील बांधावर पाठमोरे उभे राहून उगाच आभाळ बघत होते. आईने पुढची कळी धरली आणि माझ्याकडे न बघता डावा हात पुढे केला.

"बघत काय राह्यलीस? टोपी दे."